शेवटचा बंद

पुण्याच्या माणसाला बंडी म्हटलं की एकच गोष्ट कळते. बिनबाह्यांची, अंगात घालायची. आमच्या वऱ्हाडात तसं नाही. आमच्याकडे बंडी अंगातही असते आणि बंडीला बैलही जुपतात. "बंडी काढ" असं बाप पोराला म्हणाला, तर पोरगं एकदा बापाच्या तोंडाकडे पाहतं, एकदा गोठ्याकडे, आणि बरोबर ते काम करतं. यात आमची कधी गफलत होत नाही. बाहेरच्यांना मात्र भारी मौज वाटते.

मी अमरावतीच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. शब्द कुठून आला हे खोदत बसण्याची मला खोड. बैलांची बंडी दक्षिणेकडून वर आली. तेलुगूत गाडीला बंडीच म्हणतात. आमच्या शेजारी आदिलाबादकडचा एक मिस्त्री भाड्यानं राहायचा, तो आपल्या मोटारसायकललाही बंडी म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खो खो हसलो आणि मग दिवसभर खूश होतो. अंगातल्या बंडीचं खानदान वेगळं. बंडा म्हणजे शेपूट तुटलेला, छाटलेला. बाह्या छाटलेली ती बंडी, असं मला वाटतं. माझा बा म्हणायचा, "तिले बंद असतात, मनून बंडी." बा शिंपी होता, बंड्या शिवायचा. त्याच्यापुढे मी व्युत्पत्ती पाजळली नाही. पण दोघांचंही म्हणणं धरलं तरी एक पक्कं होतं. या दोन बंड्या एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. दिसायला जुळ्या, पण नात्याच्या नाहीत.

हे मी एका माणसाला सांगितलं होतं. त्यानं काय केलं, ते सांगायला बसलो आहे.

बाचं गाव दर्यापूरजवळचं. गावात शिलाई कितीशी असणार? म्हणून बा बाजार करायचा. ज्या गावी बाजार, त्या गावी हातमशीन घेऊन जायचा, झाडाखाली गोणपाट टाकून बसायचा. कापड गिऱ्हाईकाचं, मांजरपाट, शिवणारा बा. मशीन न्यायला गावातल्या एका शेतकऱ्याची बंडी होती. तो सरकी, कडबा, काय काय घेऊन बाजाराला निघायचा, त्यात बाची मशीन आणि कधी कधी मी. भाडं नाही. त्या घरातल्या साऱ्या बाप्यांच्या बंड्या बानं फुकट शिवायच्या, असा बोलीचा व्यवहार. माय हसायची. म्हणायची, "बंडीत बसून बंडी शिवाले चालला माहा नवरा."

एकदा दिवाळीच्या आसपास, कापूस वेचणीला आलेला, आम्ही दर्यापूरच्या बाजाराला निघालो होतो आणि अवकाळी पाणी आलं. काळी माती. चाकं आसापर्यंत रुतली. बैलांनी मान टाकली. बंडीवाला खाली उतरून चाकाला खांदा लावत होता. बानं काय केलं, अंगातली बंडी काढली, मशिनीला गुंडाळली, तिचे सारे बंद नीट बांधले आणि मशिनीवर ओणवा होऊन बसला. पाणी त्याच्या पाठीवर. मी गोणपाटाखालून पाहत होतो. उघडा बाप मी तोवर न्हाणीत पाहिला होता, रस्त्यावर नव्हता.

बाजारात पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. बंडी ओली, मशीन कोरडी. बा तसाच उघडा बसला आणि हँडल फिरवायला लागला. एका गिऱ्हाईकानं टिंगल केली, "काहो, साऱ्या मुलखाच्या बंड्या शिवता अन तुमच्याच आंगात बंडी नाई?"

बा मान वर न करता म्हणाला, "माही बंडी आज मशिनीनं घातली."

सगळे हसले. बाही हसला. तो काही ग्यानी माणूस नव्हता. त्याला त्या क्षणी ते सुचलं, बस्स. पण ते वाक्य आमच्या घरात राहिलं. माय कोणावर खूश असली की सांगायची. मी लग्नानंतर बायकोला सांगितलं, मुलीला ती लहान असताना सांगितलं. आमच्याकडे शेत नव्हतं, सोनं नव्हतं. हे एवढं होतं.

पुढे आम्ही अकोल्याला आलो. जुन्या शहरात एक खोली, पुढच्या भागात बाची मशीन, मागे चूल. शाळेत माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचे वडील तहसिलीत साहेब. घरी जीप यायची. तो "मला, तुला" बोलायचा, मी "मले, तुले". तरी आमचं गूळपीठ जमलं. शाळा सुटली की तो आमच्या खोलीवर. त्याच्या घरी म्हणे जेवताना बोलायचं नाही असा नियम होता. आमच्याकडे जेवताना फक्त बोलणंच असायचं, वाढायला फारसं नसायचंच. माय त्याला भाकरीवर तेल-तिखट द्यायची, तो बोटं चाटायचा. त्यानं ती मशिनीची गोष्ट बाच्या तोंडून कितीदा ऐकली असेल, देव जाणे. "काका, ते सांगा ना," असं म्हणून ऐकायचा. मले तवा भल्ला अभिमान वाटे. साहेबाचा पोरगा आणि माझ्या बापाची गोष्ट ऐकतोय!

एकदा तो हट्टाला पेटला, मलाही बंडी पाहिजे. मांजरपाट तेव्हा बम, म्हणजे रग्गड, उरलेलं होतं; त्यातून बानं शिवून दिली.

इथं बाची एक रीत सांगायला हवी. बा कोणाचीही बंडी पुरी करत नसे. शेवटचा एक बंद, खालचा, तो नुसता घडी घालून खिशात ठेवून द्यायचा आणि सांगायचा, "हा घरी लावून घेजा. माय, बायको, बहीन, जे कोनी असन तिच्या हातानं." का? तर आंगातला कपडा परक्याच्या हातानं पुरा होऊ नये. ही रीत बाला त्याच्या बापाकडून आली होती. बाजारातल्या गिऱ्हाइकांना ती माहीत होती, कोणी तक्रार केली नाही. आणि मायनं गिऱ्हाइकाचा बंद कधी लावला नाही. कोणी आळशीपणानं म्हणालं, "वहिनी, तुमीच मारा ना दोन टाके," तर ती साफ सांगायची, "मी काय तुमची कोन हाय?"

माझा मित्र बंडी घेऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत आला. हातात सुटा बंद. त्याचं तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, "आई म्हणाली, शिंप्यानं काम अर्धवट ठेवलंय, परत कर."

मायनं त्याच्या हातातून बंद घेतला. पांढरं रीळ मशिनीत अडकलेलं होतं, म्हणून तिनं आपल्या लुगड्याला टीप घालायचा हिरवा दोरा घेतला आणि हातानं तो बंद लावला. दोरा दातानं तोडला. बंडी त्याच्या अंगात घातली आणि म्हणाली, "झालं. आता तू आमच्या घरचा."

तो रडला. मी पाहिलं आहे. खोटं कशाला सांगू, तेव्हाचं त्याचं रडणं खरं होतं.

मग वर्षं गेली, जशी जातात. मी अमरावतीला मास्तर झालो, तो तिथंच कॉलेजात प्राध्यापक. बा गेला तेव्हा खांदा द्यायला तो माझ्याही आधी हजर. माय अकोल्यातच राहिली, ती जागा सोडायला तयार नाही. मी बडनेरा, मुर्तिजापूर करत एसटीनं दर रविवारी जातो. तो निवृत्त झाल्यावर भाषणं करू लागला. बोलायला पहिल्यापासून फर्डा. मी त्याच्या भाषणांना फार गेलो नाही. दोस्ताचं भाषण काय ऐकायचं, रोज तर ऐकतोच, असं वाटायचं.

एके दिवशी पुण्याहून मुलीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "बाबा, हे तुमचेच मित्र ना? ऐका. मी तर रडले."

मी चष्मा लावून बसलो.

मोठा हॉल. हा मंचावर. आणि बोलतोय चक्क वऱ्हाडी! जन्मभर "मला, तुला" बोललेला माणूस, "मले सांगा," "माहा बाप," असं छाती काढून बोलून राहिला. आधी शब्दाची गोष्ट. वऱ्हाडात बंडी दोन, एक बैलाची, एक अंगातली. मला बरं वाटलं, म्हटलं आपलं सांगतोय. मग म्हणतो, "दोन्ही बंड्या एकाच मायच्या पोटच्या! दोन्हीचं मूळ एकच, बंध! बाप नावाचा बंध!" टाळ्या. अरे, म्हटलं, हे काय? मी तर याला नेमकं उलटं सांगितलं होतं. तरीही मी म्हटलं, जाऊ दे, वक्त्याला एवढं चालतं.

आणि मग तो म्हणाला, "माहा बाप शिंपी होता."

मी फोन थांबवला. पुन्हा मागे नेला. पुन्हा तेच. "माहा बाप शिंपी होता. हातमशीन बंडीत टाकून बाजार करे." पुढे सगळं आलं. पाणी, काळी माती, रुतलेली चाकं. गोणपाटाखालून पाहणारं पोट्टं, तेही हाच. बंडी काढून मशिनीला गुंडाळणं. त्या गिऱ्हाइकाची टिंगल. मग हा थांबला, पाण्याचा घोट घेतला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "माही बंडी आज मशिनीनं घातली." बायका पदर डोळ्याला लावताना दिसत होत्या. शेवटी त्यानं पिशवीतून एक लहान मुलाची बंडी काढली आणि उंच धरली. "माह्या बापाच्या हातची."

बंडी खरी होती. बाच्याच हातची. खालच्या बंदाचा हिरवा दोरा कॅमेऱ्यातही दिसत होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे मी पोरांना वाक्यात उपयोग करून शिकवलं होतं. त्या दिवशी कळलं. हरामखोरा, तुझा बाप साहेब होता रे! तुझ्या बापाच्या जीपचा धुराळा आमच्या दारात यायचा! तो बरा माणूस होता, त्यानं कोणाचं वाईट केलं नाही, त्याची तुला लाज वाटली? साहेब बापावर लोक रडत नाहीत, म्हणून माझा नेला?

मुलीला फोन केला. म्हटलं, "अगं, त्या गोष्टीतला शिंपी म्हणजे तुझा आजा आहे."

ती म्हणाली, "तरीच मला वाटलं, हे कुठं तरी ऐकलंय." पुढे म्हणाली, "पण बाबा, ते इतकं मनापासून सांगत होते ना..."

तिचा काय दोष? पण मला ते फार लागलं.

याहून वाईट पुढे झालं. माझ्याच जुन्या शाळेनं एका कार्यक्रमाला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी ठरवून बाची गोष्ट सांगितली. माझी आहे, मी सांगणार. लोक ऐकत होते, पण मधूनच एकमेकांकडे पाहत होते. खाली उतरलो तर एक तरुण शिक्षिका अदबीनं जवळ आली. म्हणाली, "सर, छान बोललात. पण ही गोष्ट त्या सरांच्या वडिलांची आहे ना? नाव घ्यायला हवं होतं त्यांचं." ती चांगल्या मनानं सांगत होती, म्हणून मला तिच्यावर ओरडताही येईना. मी "हो" म्हणालो आणि चप्पल शोधत राहिलो. पायातच होती.

मग मात्र मी त्याला गाठलं. आम्ही नेहमी गिला वडा खायला बसतो त्याच गाड्यावर. त्यानं माझ्यासाठी दही जास्त सांगितलं, जसं नेहमी सांगतो. मी वड्याला हात लावला नाही.

"तुहा बाप कोन होता?" मी विचारलं.

तो समजला. चमचा खाली ठेवला. "तू व्हिडिओ पाहिलास."

"तुहा बाप कोन होता, थे सांग."

"हे बघ, चिडू नकोस. एकदा बोलता बोलता तोंडून निघून गेलं. 'माझ्या मित्राचे वडील' म्हटलं की लोक ऐकतात, पण हलत नाहीत. 'माझा बाप' म्हटलं आणि हॉल हलला. मग दुसरीकडे बोलावलं, तिथंही तेच मागितलं. मी काय करू?"

"काय करू? खरं सांगाचं!"

"अरे, तुझ्याकडे ते पडूनच होतं. तू कुठं सांगत होतास? मी काकांना लोकांपर्यंत नेलं. हजारो माणसं त्यांच्यासाठी रडतात. तुझं काय गेलं?"

"माहा बाप गेला," मी म्हणालो. "एकदा गेला होता, आता दुसऱ्यांदा गेला."

गाड्यावरचा माणूस आमच्याकडे पाहायला लागला. मित्रानं आवाज खाली आणला. मग त्यानं ते काढलं, जे काढेल याची मला भीती होती. म्हणाला, "काकूंनी माझ्या बंडीला शेवटचा बंद लावला होता. 'आता तू आमच्या घरचा' म्हणाल्या होत्या. मी परका आहे का? मग काकांवर माझा काहीच हक्क नाही?"

मी दुसरंच बोललो. "अन दोन्ही बंड्या एका मायच्या कशा काय केल्या रे तू? तुले म्या सांगतलं होतं, त्यायचं काही नातं नाई मनून."

"लोकांना वेगळं केलेलं आवडत नाही," तो म्हणाला. "जोडलेलं आवडतं." आणि मग, जणू आनंदाची बातमी द्यावी तसं, "पुस्तक येतंय. आत्मकथन. नाव काय ठेवलंय माहीत आहे? बाबांचं ते वाक्य."

बाबांचं. 'काकांचं' नाही म्हणाला. त्याला ते कळलंही नाही.

मी एकच मागितलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिही की हा बाप तुझा नाही, माझा आहे. त्यानं मान हलवली. आत्मकथनात असं कसं लिहिणार, म्हणाला, आणि आता तर छपाईला गेलं. "प्रकाशन अकोल्याला ठेवलंय, मुद्दाम. मी स्वतः काकूंना बोलवायला जाणार आहे. पहिल्या रांगेत बसवणार त्यांना." मी उठून आलो. पैसे त्यानंच दिले असतील.

त्या रविवारी अकोल्याला गेलो आणि मायला व्हिडिओ दाखवला. तिला दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. तिनं सगळा ऐकला. मला वाटलं, आता ही पेटणार. ती म्हणाली, "अजून लाव."

मी पुन्हा लावला. मशिनीच्या वाक्यापाशी तिचे ओठ हलले. "अजून लाव," ती म्हणाली. असं तीन-चारदा झालं. मग माझा तोल गेला. "माय, तो तुह्या नवऱ्याले आपला बाप मनून राहिला, अन तू मजेनं आयकून राहिली?"

"आयकू दे रे," ती म्हणाली. "लय दिवसानं आयकलं कोनाच्या तोंडून."

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, त्या वेळी मला मित्राहून मायचा जास्त राग आला. वाटलं, ही पण त्याचीच झाली. त्याला गोड बोलता येतं, मला येत नाही. घरचं माणूस म्हणून मी उरलो फक्त औषधं आणायला.

पुढच्या रविवारी तो आला. मी तिथंच होतो, त्याला ते माहीत होतं, तरी आला. सोबत पेढे, निमंत्रणपत्रिका आणि इस्त्री करून प्लास्टिकमध्ये घातलेली ती बंडी. मायच्या पाया पडला. माय म्हणाली, "बस बापू." त्याला ती लहानपणापासून बापूच म्हणते. त्यानं पत्रिका तिच्या हातात दिली, प्रकाशनाला यायचंच असा आग्रह केला. मी कोपऱ्यात बसलो होतो. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

माय म्हणाली, "थे बंडी दे पाहू इकडं."

त्यानं प्लास्टिक काढून दिली. तिनं ती मांडीवर पसरली, शिवणीवरून बोट फिरवलं. बाची टीप ती हातानंच ओळखते. मग विचारलं, "कोनं शिवली हे?"

"काकांनी," तो म्हणाला.

"अन तिकडं, लोकायपुढं, कोनं शिवली?"

तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "काकू, ते भाषण असतं. तिथं थोडं..." मग एकदम तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काकू, तुम्हीच तर म्हणाल्या होत्या ना, आता तू आमच्या घरचा. मी ते खरं धरलं. जन्मभर."

मायचा चेहरा हलला. मी पाहत होतो. म्हटलं, संपलं. आता ही याच्या डोक्यावरून हात फिरवणार.

"म्या मनलं होतं," माय म्हणाली. "खरं हाय." आणि माझ्याकडे वळून, "तुह्या बाची कातर आन."

बाची लहान कात्री फळीवर डब्यात असते. मी आणून दिली. तिनं बंडी डोळ्याजवळ नेली, खालचा बंद चाचपला, हिरवा दोरा सापडला. एक एक टाका ती उसवायला लागली. कापड कुठं कापलं गेलं नाही. तो "काकू, काकू" म्हणत राहिला. ती काम झाल्याशिवाय मान वर करत नाही, पहिल्यापासून तशीच. बंद सुटून तिच्या हातात आला. तिनं तो कमरेच्या पिशवीत घातला, बंडीची नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

"हे तुही," ती म्हणाली. "त्यानं तुह्यासाठी शिवली होती, थे म्या नाई घेत वापस. बंद तेवढा माहा होता."

तो उठला. पेढ्यांचा डबा तिथंच राहिला. माय म्हणाली, "थे पन दे त्याले." मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दिला. त्यानं घेतला.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. मला वाटलं होतं, आता तरी तो ते सोडेल. प्रकाशनाला आम्ही गेलो नाही. पुस्तक आलं, दुकानांत दिसतं, नाव तेच आहे. आणि मागच्या महिन्यात मुलीनं काही न लिहिता नवा व्हिडिओ पाठवला. मी तो अकोल्याला मायजवळ बसून लावला. आधी एकटा पाहिला असता तर तिला दाखवलाच नसता.

तेच भाषण, हॉल आणखी मोठा. शेवटी त्यानं बंडी उंच धरली. मग तिची खालची बाजू लोकांकडे केली, जिथं बंद नव्हता, तिथं बोट ठेवलं. म्हणाला, "पाहा. हा शेवटचा बंद नाई. गरिबी एवढी होती, का माह्या बापाले एका बंदापुरतं कापड पुरलं नाई."

आख्ख्या हॉलातून "अरेरे" असा आवाज आला. मग टाळ्या. कितीतरी वेळ टाळ्या.

मी मायकडे पाहिलं. या वेळी ती "अजून लाव" म्हणाली नाही. तिनं कमरेची पिशवी चाचपली.

"कापड तं बम होतं," ती म्हणाली.